ग्रंथालयातले बायबल : मुंबई इलाख्याच्या शाळांत धर्म, इतिहास आणि नागरिकत्व

ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांचा १९ जुलै १८५४ चा शिक्षणविषयक खलिता चार्ल्स वुडच्या नावाने ओळखला जातो. त्यात शंभर परिच्छेद आहेत. विद्यापीठे, शिक्षणखाते आणि अनुदानपद्धती यांची व्यवस्था सांगणारे परिच्छेद शिक्षणाच्या इतिहासात पुन्हापुन्हा उद्धृत होतात. चौऱ्याऐंशीव्या परिच्छेदाकडे मात्र सहसा कोणी वळत नाही. तिथे आधी एक नियम येतो: सरकारी शाळा सगळ्या प्रजेसाठी आहेत, तेव्हा त्यांतले शिक्षण पूर्णपणे धर्मनिरपेक्ष असावे. लगेच पुढे संचालक लिहितात की, शाळा-कॉलेजांच्या ग्रंथालयांत बायबल ठेवलेले असते आणि विद्यार्थ्यांना ते मोकळेपणी पाहता येते, असे आम्हांला कळते. आणि हे योग्यच आहे. एखाद्या मुलाने आपण होऊन ख्रिस्ती धर्माविषयी काही विचारले, तर मास्तरांनी सांगायला हरकत नाही, पण शाळेची वेळ संपल्यावर. तपासणीसाठी आलेल्या इन्स्पेक्टरने या गोष्टीची दखलच घ्यायची नाही, म्हणजे सरकार आपले वजन धर्मांतरासाठी वापरते असा संशय कोणाला येणार नाही.

हा परिच्छेद सावकाश वाचावा. पुस्तक आहे, पण वर्गात नाही. प्रश्न विचारता येतो, पण घंटा झाल्यावर. उत्तर देता येते, पण तपासणीच्या कागदावर त्याची नोंद होता कामा नये. ‘आम्हांला कळते’ असे लंडनचे संचालक म्हणतात, त्या अर्थी ही व्यवस्था त्यांनी नव्याने घालून दिलेली नाही. आधीपासून चालत आलेल्या रीतीवर ते मान्यतेची मोहोर उठवीत आहेत. मग ही रीत पाडली कोणी, आणि कोणत्या हिशेबाने? मुंबई इलाख्यापुरते या प्रश्नाचे उत्तर कागदांतून बरेचसे जुळवता येते. त्यासाठी चाळीस वर्षे मागे जावे लागते.

पहिला कागद १८१३ च्या सनदी कायद्याचा. शिक्षणासाठी दरसाल एक लाख रुपये, हे त्यातले त्रेचाळिसावे कलम सर्वांना ठाऊक असते. त्यात साहित्याचे पुनरुज्जीवन, विद्वानांना उत्तेजन आणि शास्त्रीय ज्ञानाचा प्रसार असे हेतू आहेत. धर्माचा उल्लेख नाही. तेहेतिसाव्या कलमाचा सूर निराळा आहे. इथल्या लोकांत उपयुक्त ज्ञान आणि धार्मिक व नैतिक सुधारणा यांचा प्रवेश व्हावा, हे इंग्लंडचे कर्तव्य आहे असे ते कलम सांगते आणि त्यासाठी येऊ इच्छिणाऱ्यांना वाट करून देते. एकाच कायद्यात पैसा एका कलमात आणि धर्म दुसऱ्यात. पैशाच्या कलमात धर्म नाही आणि धर्माच्या कलमात पैसा नाही, एवढे मजकुरावरून निश्चित म्हणता येते. ही फारकत संसदेने जाणूनबुजून केली की विल्बरफोर्सचा धर्मप्रसारक पक्ष आणि कंपनीचे सावध हितचिंतक यांच्या ओढाताणीत ती आपोआप झाली, याविषयी तर्कच करावा लागतो. मला दुसरी शक्यता अधिक वाटते.

त्याच वर्षी फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. कायदा अजून व्हायचा होता. त्यांना परत पाठवण्याचे हुकूमही निघाले होते. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांनी ते लांबणीवर टाकले आणि हे लोक टिकले. १८१५ मध्ये अमेरिकन मिशनची पहिली शाळा सुरू झाली. या शाळांविषयीची माहिती मुख्यतः मिशनच्या पत्रांतून आणि बोस्टनहून निघणाऱ्या मासिकातून मिळते. हा पुरावा वापरताना तो कोणासाठी लिहिला गेला हे विसरून चालत नाही. वाचणारे देणगीदार होते, त्यामुळे मुले आज्ञा आणि प्रश्नोत्तरे किती छान म्हणून दाखवतात, हे त्यात ठळक येणारच. पण देणगीदारांना फारशी रुचणार नाही अशी एक गोष्टही त्याच पत्रांत येते: पगारी पंतोजी बहुधा ब्राह्मण किंवा बेने इस्रायली ज्यू होते, ख्रिस्ती नव्हते. लिहिणाऱ्याच्या सोयीची नसलेली बाब तो स्वतःच नोंदवतो, तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नसते. म्हणजे ख्रिस्ती नीतीचा पाठ मुलांकडून घोकून घेणारा माणूस स्वतः त्या धर्माचा नव्हता. अक्षरे, हिशेब आणि बायबलातले उतारे अशा अभ्यासक्रमातून मुलाने घरी काय नेले असेल, ते अहवालातल्या पटसंख्येवरून ठरवता येणार नाही.

यानंतरचा कागद या साऱ्या शोधाच्या केंद्रस्थानी आहे. १३ डिसेंबर १८२३ रोजी गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी शिक्षणाविषयी एक लांब टिपण कौन्सिलपुढे ठेवले. गावच्या शाळा सुधाराव्या आणि वाढवाव्या, त्यांना पुस्तके पुरवावी, खालच्या वर्गांना शिकण्यास उत्तेजन द्यावे, देशी भाषांत नीतिशास्त्र आणि भौतिकशास्त्र यांची पुस्तके तयार करावी, इंग्रजीच्या आणि युरोपीय शास्त्रांच्या शाळा काढाव्या, अशी त्याची मांडणी आहे. धर्माच्या मुद्द्यावर टिपण स्पष्ट आहे: शिक्षणाच्या योजनेत धर्माची लवमात्र भेसळ होऊ नये, आधीच अडचणींनी भरलेल्या कामात ही आणखी एक भर नको.

इथेच थांबले, तर एल्फिन्स्टन हे सहिष्णू आणि तटस्थ राज्यकर्ते ठरतात, आणि अनेक चरित्रांत ते तसे दिसतातही. पण टिपण पुढे जाते. ज्ञानाचा प्रसार झाला की धर्मांतर हा त्याचा अटळ परिणाम होईल, अशी आपली खात्री असल्याचे ते लिहितात. लोकांना हा संबंध अजून उमगलेला नाही. उमगला असता, तर अज्ञानावरच्या हल्ल्यालाही त्यांनी धर्मावरच्या हल्ल्याइतकाच कडवा विरोध केला असता. शाळांत ख्रिस्ती धर्म आणला, तर ब्राह्मणांना आगाऊ इशारा मिळेल, एवढेच त्यातून साधेल. हे टिपण सरकारी दप्तरातले होते, जी. डब्ल्यू. फॉरेस्ट यांनी संपादित केलेल्या एल्फिन्स्टन यांच्या निवडक कागदपत्रांत ते १८८४ मध्ये छापले गेले.

या वाक्यांचे वजन कसे करावे? एक वाचन असे: एल्फिन्स्टन मनातून धर्मप्रसारकच होते आणि तटस्थता हा केवळ मुखवटा होता. दुसरे वाचन असे: कौन्सिलमध्ये मिशनऱ्यांविषयी सहानुभूती असणारे लोक होते, त्यांची समजूत पटावी म्हणून हा युक्तिवाद रचला गेला. कोणते खरे, हे ठरवायला टिपणाबाहेरचा पुरावा हवा, आणि तो थोडा आहे. दोनच वर्षे आधी, ऑक्टोबर १८२१ मध्ये, याच गव्हर्नरांच्या सरकारने पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू केली होती. तिथे शास्त्रे शिकवली जात आणि खर्च सरकारचा असे. धर्मांतराची घाई असणाऱ्या माणसाचे हे काम नव्हे. पेशवाई बुडून पाच-सात वर्षेच झाली होती आणि पुण्याचा ब्राह्मणवर्ग बिथरू नये, ही काळजी त्यांच्या इतर कागदांतही दिसते. दुसरे वाचन मला अधिक सयुक्तिक वाटते, पण ते अनुमान आहे. निश्चित एवढेच की, तटस्थतेच्या मूळ कागदात तटस्थतेच्या परिणामाचे भाकीतही लिहिलेले आहे: वर्गात बायबल न आणताही मुले त्याच्याकडे जातील.

त्याच टिपणातली आणखी एक कबुली सोडून चालणार नाही. मिशनऱ्यांना अगदी खालच्या जातींतली मुले उत्तम विद्यार्थी वाटतात, असे एल्फिन्स्टन नोंदवतात आणि लगेच सावध करतात: त्यांना खास उत्तेजन देताना जपावे, कारण शिक्षणाने पहिले मूळ त्यांच्यात धरले, तर ते वर कधी पसरणार नाही. म्हणजे १८२३ मध्ये दोन गोष्टी सरकारी वर्गाच्या उंबरठ्याबाहेर राहिल्या. एक धर्मपुस्तक, आणि दुसरी ही मुले. कारण दोन्हींचे एकच दिलेले आहे: वरच्या जाती बिथरतील.

मग वर्गात आले काय? इथे पुरावा भक्कम आहे, कारण छापलेली पुस्तके उरलेली आहेत. १८२२ मध्ये स्थापन झालेली आणि १८२७ पासून ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ या नावाने चाललेली संस्था शाळांसाठी मराठी पुस्तके छापीत होती. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची इसापनीती आणि ‘बाळमित्र’ १८२८ ची. ‘बाळमित्र’चे मूळ बर्कां या फ्रेंच लेखकाचे, ते इंग्रजीतून मराठीत आले. खरे बोलावे, आईबापांचे ऐकावे, गरिबाला मदत करावी, ही शिकवण या पुस्तकांत भरपूर आहे. मात्र तिला कोणत्याही धर्मग्रंथाचा आधार दिलेला नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी ‘नीतिकथा’ लिहिल्या आणि हिंदुस्थानच्या इतिहासाचे पुस्तकही तयार केले. नीतीसाठी ग्रीक कोल्हे आणि फ्रेंच मुले, आणि राज्य कोणाचे व कसे आले ते सांगण्यासाठी इतिहास, अशी ही वाटणी होती.

इतिहासाच्या पुस्तकांत सर्वांत दूरगामी ठरले ते कॅप्टन डेव्हिड केपन आणि बाबा साने यांनी केलेले ग्रँट डफचे भाषांतर, ‘मराठ्यांची बखर’. डफचा मूळ ग्रंथ १८२६ मध्ये तीन खंडांत निघाला आणि मराठी अवतार १८२९ मध्ये आला. साताऱ्याच्या दरबारी इंग्रजांचा प्रतिनिधी असलेल्या अधिकाऱ्याने लिहिलेला मराठ्यांचा इतिहास मराठी मुलांच्या हाती मराठीत पडला, तोही राज्य जाऊन अकरा वर्षे होतात न होतात तोच. राज्य का गेले, याचे उत्तरही जिंकणाऱ्याच्या बाजूनेच आले.

सरकारी शाळेत ही व्यवस्था असताना मिशनच्या शाळांत बायबल उघड शिकवले जात होते आणि तिथे खटके उडत होते. १८३९ मध्ये जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या पारशी तरुणांच्या बाप्तिस्म्यावरून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले आणि शाळेची पटसंख्या घसरली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्रींनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला होता. कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे यासाठी जांभेकर उभे राहिले आणि मुंबईच्या ब्राह्मणांत दोन तट पडले. या प्रकरणाचे कागद तीन जातींचे आहेत: कोर्टाचे, मिशनऱ्यांचे आणि वर्तमानपत्रांचे. तिन्हींत मुलगा आहे, पण तो वादाचा विषय म्हणून. बाप, पाद्री, न्यायाधीश आणि शास्त्री बोलतात. श्रीपतचे स्वतःचे म्हणणे आपल्यापर्यंत येते ते त्यांच्याच तोंडून.

म्हणून ज्या विद्यार्थ्यांनी पुढे स्वतः लेखणी धरली, त्यांच्याकडे वळणे भाग आहे. एल्फिन्स्टन यांचे भाकीत तपासायला याहून बरा साक्षीदार नाही.

पहिले बाबा पदमनजी. जन्म १८३१, बेळगावचे. मिशनच्या शाळांत शिकले आणि १८५४ मध्ये, म्हणजे वुडच्या खलित्याच्याच वर्षी, ख्रिस्ती झाले. त्यांचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र त्या शिक्षणाचा आणि मनातल्या उलथापालथीचा आतून लिहिलेला वृत्तान्त आहे. परंतु ते घटनेनंतर जवळजवळ तीस वर्षांनी आले. धर्मांतर झालेला माणूस आपले बालपण मागे वळून पाहतो, तेव्हा प्रत्येक पायरी त्याच शिखराकडे जाताना दिसते. शाळा, पुस्तके, जातिभेद मोडू पाहणाऱ्या परमहंस सभेशी आलेला संबंध या तपशिलांसाठी ‘अरुणोदय’ विश्वसनीय आहे. कशामुळे काय घडले, याच्या मांडणीसाठी तो सावधपणे वाचावा. शिवाय पदमनजी हे भाकिताच्या बाजूचे उदाहरण वाटले, तरी बायबल उघडपणे शिकवणाऱ्या शाळेचे विद्यार्थी आहेत. एल्फिन्स्टन बोलत होते ते बायबल नसलेल्या वर्गाविषयी.

त्या वर्गाची साक्ष नीलकंठ जनार्दन कीर्तने देतात. १८६७ मध्ये विद्यार्थिदशेतच त्यांनी पुण्याच्या तरुणांच्या एका सभेत निबंध वाचला आणि तो पुढे ‘विविधज्ञानविस्तारा’त छापून आला. विषय: ग्रँट डफच्या बखरीवरील टीका. पिढीभर प्रमाण मानले गेलेले पुस्तक कीर्तन्यांनी जुन्या मराठी बखरींशी ताडून पाहिले आणि त्यातल्या चुका व कल दाखवले. पुढे त्यांनी मल्हार रामराव चिटणीसांची बखर संपादून छापली. हा पुरावा समकालीन आहे, स्वतः विद्यार्थ्याच्या हातचा आहे, आणि त्याचा हेतू मजकुरातच उघड आहे. नव्या ज्ञानाने या मुलाला बायबलाकडे नेले नाही. कागद ताडून पाहण्याची जी पद्धत त्याला मिळाली, ती त्याने सरकारने पुरवलेल्या इतिहासावरच चालवली. भाकिताच्या विरुद्ध जाणारे हे ठळक, तारखेसह मिळणारे उदाहरण.

तिसरी साक्ष १८८२ ची. शिक्षणाच्या चौकशीसाठी फेब्रुवारीत नेमलेल्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी निवेदन दिले. फुले १८४१ ते १८४७ या काळात पुण्याच्या स्कॉटिश मिशन शाळेत शिकलेले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. निवेदनात ते काय मागतात, ते बारकाईने पाहावे: बारा वर्षांपर्यंत सक्तीचे शिक्षण, मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, सामान्य इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची तोंडओळख, आणि नीती व आरोग्य यांवर थोडे धडे. नीतीचे धडे हवेत, पण कोणत्याही धर्माचे नाव त्यांना जोडलेले नाही. त्यांच्या तक्रारीचा रोख अभ्यासक्रमापेक्षा शिकवणाऱ्यावर आणि वर्गात कोणाला जागा मिळते यावर आहे. पंतोजी बहुतेक ब्राह्मण आहेत, आणि खालच्या जातींची मुले वर्गापर्यंत पोचतच नाहीत. १८२३ च्या टिपणात जी मुले सावधगिरीपोटी मागे ठेवली गेली, त्यांचा हिशेब साठ वर्षांनी सरकारच्याच आयोगापुढे मांडला जातो. फुल्यांना ते टिपण ठाऊक असण्याचा संभव कमी. ते अजून फॉरेस्टच्या ग्रंथात आलेले नव्हते. तरीही निवेदन त्या टिपणाला दिलेल्या उत्तरासारखे वाचता येते.

आयोगाने मात्र नीतीचा प्रश्न दुसऱ्या टोकाने सोडवायचा प्रयत्न केला. १८८३ च्या अहवालात दोन शिफारशी आहेत: निसर्गसिद्ध धर्माच्या मूलतत्त्वांवर आधारलेले एक नीतीचे पाठ्यपुस्तक तयार करावे, आणि प्रत्येक सत्रात कॉलेजच्या वर्गांना मनुष्य व नागरिक यांच्या कर्तव्यांवर व्याख्याने द्यावी. बायबलाचे नाव नाही, पण धर्माची जागा रिकामी राहिली आहे ही अस्वस्थता दिसते. आयोगाचे सदस्य काशीनाथ त्र्यंबक तेलंग यांनी भिन्नमत नोंदवून दोन्ही कल्पनांना विरोध केला. नीती ही पुस्तकातून घोकायची बाब नसून शाळेच्या शिस्तीतून आणि शिक्षकाच्या वागण्यातून येते, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख आहे. तेलंग स्वतः मुंबईच्या सरकारी शिक्षणाचे फळ. त्यांची साक्ष भाकिताच्या विरुद्ध जाते, हे वेगळे सांगायला नको.

याच आयोगावर मुंबईचे एक मुलकी अधिकारी विल्यम ली-वॉर्नर होते. १८९७ मध्ये मॅकमिलनने त्यांचे ‘द सिटिझन ऑफ इंडिया’ हे शाळकरी मुलांसाठी लिहिलेले पुस्तक काढले. गाव, शहर, जिल्हा, प्रांत, संस्थाने, मध्यवर्ती सरकार अशा पायऱ्यांनी ते मुलाला राज्यव्यवस्था समजावून देते. १८८३ ची व्याख्यानांची शिफारस आणि १८९७ चे पुस्तक यांच्यात सरळ धागा आहे काय? एकच माणूस दोन्ही ठिकाणी आहे, विषय एकच आहे, आणि मधल्या काळात, १८८७ अखेर, हिंदुस्थान सरकारने शाळांतली शिस्त व नैतिक शिक्षण यांवर स्वतंत्र ठराव केला. धागा असण्याचा संभव दाट आहे, पण तो दाखवणारा थेट कागद हाती नसताना ‘संभव’ यापुढे जाऊ नये. पुस्तक निघाले त्याच वर्षी पुण्यात प्लेग, रँडचा खून आणि टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला झाला. ही वेळ जुळली, याहून अधिक अर्थ त्यात शोधू नये.

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. वर्ग आणि धर्म यांची फारकत मुंबई इलाख्यात १८२३ मध्ये लेखी ठरली; १८५४ च्या खलित्याने तीच भूमिका वर्गापुरती कायम केली आणि ग्रंथालयापुरती एक फट मोकळी ठेवली. तिच्या मुळाशी धर्माविषयी उदासीनता नव्हती. वरच्या जातींच्या विरोधाची धास्ती आणि ज्ञानाच्या परिणामाविषयीचा मोठा विश्वास होता. धर्मग्रंथाची मोकळी राहिलेली जागा आधी नीतिकथांनी आणि इतिहासाने, पुढे नागरिकत्वाच्या पाठांनी भरून काढली. एवढे कागदांवर सिद्ध आहे. भाकीत खरे ठरले नाही, हेही सिद्ध आहे, पण मर्यादेसह. पदमनजी, कीर्तने, फुले, तेलंग हे लिहिणारे होते, म्हणून त्यांची साक्ष उरली. त्यांच्या बाकावर शेजारी बसून ‘मराठ्यांची बखर’ वाचणारी आणि मॅट्रिकच्या आधीच शाळा सोडून दुकानात, शेतात किंवा कचेरीत गेलेली हजारो मुले या निर्णयात मोजलेली नाहीत.

त्यांचा पुरावा असलाच, तर तो सरकारी दप्तरात नाही. क्रमिक पुस्तकांच्या समासात, पाटीवरून वहीत उतरवलेल्या धड्यात, बक्षीस मिळालेल्या पुस्तकाच्या कोऱ्या पानावरच्या मजकुरात तो असेल. अशी पुस्तके आजही जुन्या वाड्यांच्या माळ्यावर आणि गावोगावच्या शतकोत्तर वाचनालयांच्या कपाटांत पडून आहेत आणि दर उन्हाळ्यात त्यांतली काही रद्दीत जातात. आपल्या घरी १९०० पूर्वीचे शाळेचे पुस्तक असेल, तर पाने पुसून स्वच्छ करण्याच्या भरात पेन्सिलीच्या खुणा घालवू नका. पहिले पान, शेवटचे पान आणि समास यांची छायाचित्रे घ्या, पुस्तक कोणाचे आणि कोणत्या शाळेचे ते लिहून ठेवा, आणि जवळच्या संशोधन मंडळाला कळवा.